टेबलासमोरचं दीड मिनिट

आई गेली कित्येक वर्षं रोज सकाळी एक छोटी पांढरी गोळी घेते, रक्तदाबाची. परवा तिची रिकामी स्ट्रिप घेऊन केमिस्टकडे निघालो आणि वाटेत एकदम लक्षात आलं, की ही गोळी आमच्या घरात कोणीच निवडलेली नाही. साबण घेताना आम्ही चार नावं आठवतो, चहापत्तीवरून तर घरात वाद होतात. या गोळीचं नाव मात्र डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि आम्ही ते निमूट पाळत आलो. गिळते आई, पैसे देतो मी, निवडली डॉक्टरांनी. मग डॉक्टरांना हे नाव कोणी सांगितलं? गोळीतलं रसायन ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकले असतील, पण पाकिटावरचं नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात नसतं.

टीव्हीवरही ते नसतं. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा १९४० सालचा. त्याच्या नियमांमध्ये ‘शेड्यूल एच’ नावाची एक लांबलचक यादी आहे. तिच्यातलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि केंद्र सरकारच्या परवानगीवाचून त्याची जाहिरातही करता येत नाही. शिवाय १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर अमुक औषध गुणकारी आहे, असा गाजावाजा लोकांपुढे करायला तो बंदी घालतो. म्हणजे कारखान्यात गोळ्या तयार आहेत, देशभर त्यांची गरज असलेले लोक आहेत, आणि गोळीचं नाव चौकात घ्यायची सोय नाही. कंपनीपुढे मग एकच वाट उरते. ज्याच्या पेनातून ते नाव उतरणार, त्याच्यासमोर एक माणूस नेऊन उभा करायचा.

तो माणूस म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, आपल्या सगळ्यांच्या तोंडचा एमआर. दवाखान्याच्या बाकावर आपण ताप अंगात घेऊन बसलेलो असतो, तेव्हा इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि जड बॅग घेऊन भिंतीला टेकून उभा असतो तोच. त्याला आत सोडलं की आपण थोडं चिडतो. मीही चिडायचो. आता त्याच्याकडे बघताना मला नवल वाटतं, आणि ते का वाटतं हेच सांगायचं आहे.

माझा एक शाळासोबती मिरजेत एमआर आहे. मिरज हे जुनं डॉक्टरांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि तेव्हापासून पार कर्नाटकातून लोक उपचारासाठी इथं उतरतात. अशा गावात एमआर किती असतील, याचा अंदाज कुठल्याही मोठ्या दवाखान्याबाहेरच्या मोटरसायकली मोजल्या की येतो. एक दिवस तुझ्याबरोबर फिरतो, म्हणालो. तो तयार झाला, पण अट घातली. “केबिनमध्ये तुला नेता येणार नाही. बाहेर बस आणि बघ.”

त्या दिवशी त्याचं तासगाव होतं. रोज कुठे जायचं ते महिन्याच्या सुरुवातीलाच ठरलेलं असतं. राहतं गाव ते हेडक्वार्टर, जाऊन रात्री परत यायचं ते एक्स-स्टेशन, मुक्काम करायचा ते आउटस्टेशन, आणि भत्ता त्यावर ठरतो. दिवसाला दहा-बारा डॉक्टर, पाच-सहा केमिस्ट, जमलं तर स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता. हे ऐकताना सोपं वाटलं. प्रत्यक्षात आम्ही पहिल्या दवाखान्याबाहेर पाऊण तास उभे होतो. आधी पेशंट, मग इमर्जन्सी, मग डॉक्टरांचा फोन. अखेर कंपाउंडरने मान हलवली, मित्र आत गेला आणि मी घड्याळ बघेपर्यंत बाहेरही आला. मी मोजलं होतं, दीड मिनिट. पुढच्या ठिकाणी त्याहून कमी.

“दीड मिनिटात काय सांगतोस तू?” चहाच्या टपरीवर मी विचारलं.

त्याने मोटरसायकलच्या सीटवर टॅब उभा केला. “समज तू डॉक्टर.” आणि त्याचा आवाजच बदलला, सावकाश आणि नेमका झाला. “सर, सकाळी घेतलेली ही गोळी दुसऱ्या दिवशी पहाटेही काम करत असते.”

“बस? एवढंच?”

“एवढंच. यात सगळं आलं, अरे.”

खरोखरच सगळं आलं होतं, हे मला नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं. ती गोळी होती टेल्मिसार्टनची. औषध पोटात गेलं की रक्तातलं त्याचं प्रमाण चढतं आणि मग उतरू लागतं. ते निम्म्यावर यायला जेवढा वेळ लागतो, त्याला अर्धायुकाल म्हणतात. याच कुळातलं लोसार्टन दोनच तासांत निम्म्यावर येतं. शरीरात त्याचं जे सक्रिय रूप बनतं ते सहा ते नऊ तास धरतं. टेल्मिसार्टनला मात्र जवळजवळ २४ तास लागतात. दुसरी गोष्ट शरीराच्या घड्याळाची. पहाटे, जाग येण्याच्या सुमारास, माणसाचा रक्तदाब वर चढतो, आणि हृदयविकाराचे झटके व पक्षाघात सकाळच्या तासांत जास्त येतात. सकाळी सातला गोळी घेणाऱ्या माणसासाठी पहाटे पाचची वेळ म्हणजे कालच्या गोळीचा बाविसावा तास. तेव्हा गोळी थकलेली नको. रसायनशास्त्र, शरीरशास्त्र आणि आपल्या आईची सकाळची सवय, तिन्ही त्या एका वाक्यात बसवलेली आहेत.

हे वाक्य मित्राने केलेलं नव्हतं. मुंबईतल्या ऑफिसात प्रॉडक्ट मॅनेजर नावाचा कोणी तरी संशोधनाचे जाडजूड निबंध वाचतो आणि त्यातून अशी दोन-तीन वाक्यं काढतो. ती घासून घासून इतकी लहान करतो की दमलेल्या डॉक्टरच्या कानात शिरावीत. सूर्योदयाचं चित्र लावायचं की घड्याळाचं, यावर बैठका होतात. कंपनीतले वैद्यकीय सल्लागार प्रत्येक ओळीला आधार मागतात, म्हणून पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत संदर्भ छापलेले असतात. याला व्हिज्युअल एड म्हणतात. पूर्वी ते स्पायरलचं पुस्तक असायचं, आता टॅबवर सरकतं. मग नव्या मुलांना प्रशिक्षणाला बोलावून हृदयाचे कप्पे आणि मूत्रपिंडाचं काम शिकवतात, वाक्य पाठ करून घेतात, आणि एकमेकांना डॉक्टर करून म्हणायला लावतात. इतकी तयारी त्या दीड मिनिटासाठी.

मी मित्राला मुद्दाम खोदून विचारलं. पहाटेपर्यंत काम करते, म्हणजे ही गोळी घेणाऱ्याला झटका कमी येतो असं सिद्ध झालंय का? तो गप्प बसला नाही. “तसं म्हणता येत नाही. मोठा अभ्यास झालाय, ऑनटार्गेट. त्यात ही रॅमिप्रिलच्या बरोबरीची ठरली. वरचढ नाही.” तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. २५,६२० रुग्ण होते त्यात. टेल्मिसार्टन हे रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाच्या तोडीचं निघालं आणि खोकल्याचा त्रास त्याच्यापेक्षा कमी लोकांना झाला. दोन्ही औषधं एकदम दिली तेव्हा फायदा वाढला नाही, अपाय मात्र वाढले. तासगावच्या टपरीवर, पायाशी बॅग ठेवून चहा पिणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं, आणि कुठे थांबायचं हेही. माझ्या मते एमआरचं खरं शिक्षण हेच. वाक्य पाठ सगळ्यांचं होतं. ते वाक्य कुठवर खरं आहे, ती रेषा ज्याला दिसते, त्याच्याकडे डॉक्टर दुसऱ्यांदा मान वर करून बघतात.

त्या जड बॅगेत काय काय असतं, हे कळल्यावर तर मी थक्कच झालो. तिच्यात सापाचं विष आहे, म्हणजे विषातून निघालेली कल्पना. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. ते का होतं याचा माग काढत शास्त्रज्ञ १९७० च्या दशकात कॅप्टोप्रिलपर्यंत पोचले, आणि ‘प्रिल’ने संपणारी रक्तदाबाची सगळी औषधं, रॅमिप्रिलही, त्याच घराण्यातली. कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तिचा उगम बुरशीत. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा एकेक करून तपासल्या आणि पहिलं स्टॅटिन हाती लागलं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची मुळं युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रानवनस्पतीत आहेत. हे सगळं एका बॅगेत घालून माणूस एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत उभा असतो.

आपल्या पिंपरीचाही यात वाटा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, पेनिसिलीन देशातच बनावं म्हणून. तिथल्या प्रयोगशाळेत तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीविरोधी औषध वेगळं केलं. औषधाचं नाव ठेवलं हॅमायसिन, त्यातली पहिली अक्षरं कारखान्याच्या नावाची. आणि जिवाणूचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पुणे-मुंबई रस्त्यावरचं आपलं पिंपरी लॅटिन होऊन सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलं आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू या, कारण या धंद्याची अर्धी गंमत नावांत आहे. प्रत्येक औषधाला निदान दोन नावं असतात. एक साऱ्या जगाचं. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ठरतं आणि आडनावासारखं कुळ सांगतं. ‘ओलॉल’ आलं की ते हृदयाचे ठोके आवरणाऱ्या कुळातलं, ‘सार्टन’ आलं की टेल्मिसार्टनच्या भावकीतलं, ‘प्राझोल’ आलं की आम्लपित्ताचं. दुसरं नाव कंपनीचं, म्हणजे ब्रँड. ते डॉक्टरांना घाईत आठवलं पाहिजे, केमिस्टला वाचता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या कुठल्या औषधासारखं दिसता कामा नये. लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सचं नाव ‘सहा तास टिकतं’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून जुळवलेलं आहे, म्हणजे नावातच वेळेचा हिशेब. कंपन्यांच्या नावांतही माणसं दडलेली असतात. ग्लेनमार्क हे नाव संस्थापक ग्रेशियस सालढाणा यांच्या ग्लेन आणि मार्क या दोन मुलांचं मिळून झालं.

दोन नावं फार जवळ आली तर काय होतं, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब, दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची औषधं, दोन कंपन्यांची, आणि गंमत म्हणजे दोन्ही कंपन्या कॅडिलाच. २००१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की औषधांच्या नावांतला सारखेपणा इतर मालापेक्षा कडक नजरेने तपासला पाहिजे. इथं गोंधळ झाला तर ग्राहकाचे पैसे नव्हे, प्राण जातात. डॉक्टरांचं अक्षर वाचता न येणं हा आपल्याकडे विनोदाचा विषय. न्यायालयाने तो गांभीर्याने घेतला.

आता एक प्रश्न उरतो. टेल्मिसार्टन तर एकच रसायन. मग मित्राचं टेल्मिसार्टन आणि दुसऱ्या एमआरचं टेल्मिसार्टन यांत फरक काय? रसायनाच्या दृष्टीने काहीच नाही. आणि असं का, याचं उत्तर १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. १९७२ साली तो लागू झाला आणि भारतात औषधावर पेटंट मिळणं बंद झालं. पेटंट मिळायचं ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. पद्धत बदला आणि तेच औषध बनवा. भारतीय रसायनतज्ज्ञांनी तेच केलं. २००५ पासून औषधावरचं पेटंट परत आलं, पण मधल्या तेहतीस वर्षांत एकेक औषध बनवणाऱ्या कंपन्यांची इथे रांग लागून गेली होती. त्यातून औषधं स्वस्त झाली. सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी २००१ मध्ये एचआयव्हीवरची तीन औषधांची मात्रा दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. आणि त्याच रांगेमुळे एमआरचं महत्त्व वाढलं. माल सारखा असेल तेव्हा निवड ठरते ती चार गोष्टींवर: किंमत, दर्जाबद्दलचा भरवसा, दुकानात मिळतो की नाही, आणि सांगायला आलेला माणूस कसा आहे.

त्या माणसांच्या जाळ्याची किंमत किती असते? २०१० मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅबटने पिरामल हेल्थकेअरचा भारतातला औषधविक्रीचा व्यवसाय ३.७२ अब्ज डॉलरला घेतला. रक्कम ऐकून तेव्हा सगळे चकित झाले होते. त्यात कारखाना होता, पण खरी खरेदी होती ती डॉक्टरांच्या बोटांना सवय झालेल्या नावांची आणि ती सवय लावणाऱ्या हजारो माणसांची.

ही माणसं कुठवर जातात, तेही बघण्यासारखं आहे. उत्तमभाई मेहता सँडोज कंपनीत एमआर होते. १९५९ मध्ये त्यांनी अहमदाबादेत स्वतःची कंपनी काढली, तीच पुढे टॉरंट झाली. रमेश जुनेजा यांचीही सुरुवात एमआर म्हणूनच झाली, त्यांनी १९९५ मध्ये मॅनकाइंड उभी केली. दिलीप संघवी एमआर नव्हते, पण वडिलांच्या औषधांच्या घाऊक धंद्यात कोलकात्यात वावरत वाढले. कुठलं औषध दुकानात मिळत नाही, हे त्यांनी त्या काउंटरवरून पाहिलं. १९८३ मध्ये त्यांनी सन फार्मा सुरू केली ती मनोविकारांवरच्या पाचच औषधांनी. मेहतांनीही मनोविकारांच्याच औषधांवर भर दिला होता. मोठ्या कंपन्या जिकडे बघत नव्हत्या, ती जागा या दोघांनी हेरली. माझी खात्री आहे, अशी नजर ऑफिसात बसून येत नाही. दवाखान्याबाहेर आणि दुकानात तासन् तास उभं राहूनच ती येते.

दुपारनंतर मित्राने मला त्याच्या कामाचा दुसरा भाग दाखवला, आणि तो मला पहिल्याहून जास्त आवडला. डॉक्टर मान हलवतात, “हो, लिहितो,” म्हणतात. पण लिहितात का? ते कळतं दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमध्ये. मित्र तिथे गेला, काउंटरला टेकला, दुकानदाराच्या मुलाच्या बारावीची चौकशी केली, आणि बोलता बोलता या आठवड्यात टेल्मिसार्टनमध्ये कुठली नावं किती गेली ते विचारून घेतलं. याला आरसीपीए म्हणतात, म्हणजे केमिस्टकडे जाऊन चिठ्ठ्यांचा कल पाहणं. डॉक्टर अमुक रुग्णाला दुसऱ्या कंपनीचं का लिहितात, स्ट्रिप दहाची की पंधराची चालते, शेजारच्या गावातून लोक कुठलं नाव मागत येतात, सगळं तिथे समजतं. आपला माल पडून असेल तर एक्सपायरीची तारीख बघायची, संपला असेल तर स्टॉकिस्टला फोन लावायचा. डॉक्टरांनी लिहिलं आणि दुकानात नसेल तर केमिस्ट दुसऱ्याचं देतो आणि दीड मिनिट वाया जातं.

गोळीचा प्रवासही इथेच समजला. कारखाना, मग कंपनीचा सीएफए म्हणजे राज्यातलं गोदाम, मग स्टॉकिस्ट, मग केमिस्ट. कंपनीने स्टॉकिस्टला विकलं ती प्रायमरी. स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलं ती सेकंडरी. महिनाअखेरीला प्रायमरी फुगवता येते, स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारून, पण सेकंडरी खोटं बोलत नाही. किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांवर केमिस्टला १६ टक्के मिळतात, घाऊकवाल्याला साधारण आठ. अशा औषधांची कमाल किंमत ठरवणारी एक राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे साबणासारखा भाव वाढवता येत नाही.

आता काळी बाजू. ती लपवली तर हा लेख खोटा ठरेल. दीड मिनिटात चुकीचं वाक्य बोललं गेलं तर काय होतं? १९६० च्या सुमारास अमेरिकेत मेरेल कंपनीने थॅलिडोमाइड विकण्याची परवानगी मागितली. फ्रान्सिस केल्सी नावाच्या सरकारी अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून ती दिली नाही. पण तोवर कंपनीच्या लोकांनी ‘चाचणीसाठी’ म्हणून हजाराहून जास्त डॉक्टरांना २५ लाखांहून अधिक गोळ्या वाटलेल्या होत्या. गरोदर बायांनी त्या घेतल्या की हात-पाय नसलेली मुलं जन्मतात, हे जगाला १९६१ मध्ये कळलं. पुढे ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाचं आलं. व्यसनाचा धोका कमी आहे असं डॉक्टरांना सांगितलं गेलं. २००७ मध्ये तिथल्या न्यायालयात कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. तोवर गावंच्या गावं त्या गोळीत बुडाली होती.

आपल्याकडे रोग वेगळा झाला. वाक्याची जागा भेटवस्तूने घेतली. आधी पेन, पॅड, कॅलेंडर, मग घड्याळ, मग सहकुटुंब सहली. २००९ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत अशा भेटी घ्यायला बंदी आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपन्यांना प्राप्तिकरातून वजा करता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये औषधविपणनाची एकसमान संहिता आली. ती वाचताना मला शब्दांच्या बाबतीतला तिचा कडकपणा फार भावला. एखाद्या औषधाला मर्यादा न सांगता नुसतं ‘सुरक्षित’ म्हणायचं नाही. बाजारात वर्षाहून जास्त काळ असलेल्याला ‘नवं’ म्हणायचं नाही. त्याचे दुष्परिणाम नाहीतच, असं सांगायचं नाही. सॅम्पलचं एक पाकीट तीन रुग्णांना पुरेल याहून मोठं नको, आणि एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला बारा पाकिटंच. भेटीची वेळ मिळवण्यासाठी डॉक्टरांना पैसे द्यायचे नाहीत. साऱ्यांनी हे पाळलं तर एमआरच्या हातात पुन्हा त्याचं वाक्यच उरेल. ज्यांना औषध समजलं आहे, त्यांना याचा आनंदच व्हावा.

ताणही खरा आहे. टार्गेट दर महिन्याला शून्यावरून सुरू होतं. मॅनेजर जॉइंट वर्किंगला आला की दिवसभर तो बरोबर असतो, आणि रात्री रिपोर्ट भरल्याशिवाय झोप नाही. १९७६ मध्ये या लोकांसाठी सेवाशर्तींचा स्वतंत्र कायदा करावा लागला, कारण तोवर त्यांना कारखान्यातला कामगार म्हणावं की ऑफिसातला बाबू, हेच ठरत नव्हतं. ज्याला नकार मनाला लावून घ्यायची सवय आहे, त्याने इकडे येऊ नये, असं मला स्पष्ट सांगावंसं वाटतं.

यायचं कसं? बी. फार्म., डी. फार्म., बी. एस्सी. ही सरळ वाट. काही कंपन्या इतर पदवीधरांनाही घेतात आणि शिकवतात. दोन-चार वर्षांनी काम दिसलं तर एरिया मॅनेजर, मग रीजनल, मग झोनल. दुसरी वाट फील्डमधून मुंबईच्या मार्केटिंगला जाण्याची, जिथे ती वाक्यं तयार होतात. एमबीए करून थेट तिथे पोचणारेही असतात. पण ज्याने दवाखान्याबाहेर पाऊण तास उभं राहून पाहिलं आहे, त्याची वाक्यं लहान असतात. शिवाय प्रशिक्षण, हॉस्पिटलांशी व्यवहार, बाजाराचा अभ्यास अशा वाटा आहेतच. मराठी मुलांना एक गोष्ट फुकट मिळालेली आहे. देशातल्या कितीतरी मोठ्या औषध कंपन्यांची मुख्य ऑफिसं मुंबईत गोरेगाव, अंधेरी, लोअर परळ इथं आहेत. विटा आणि जतसारख्या गावांत पायपीट केलेल्या मुलाला तिथे सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

रात्री साडेनऊला आम्ही मिरजेला परतलो. शेवटचा कॉल, म्हणजे डॉक्टरांची भेट, राहिला होता. रेल्वे स्टेशनजवळच्या दवाखान्यात वयस्कर डॉक्टर शेवटचा पेशंट तपासत होते. मित्र आत गेला आणि या वेळी सात-आठ मिनिटं आला नाही. नंतर कळलं, डॉक्टरांच्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाचे रिपोर्ट बिघडले होते आणि त्याला ही गोळी चालू ठेवावी का, असं त्यांनी विचारलं होतं. मित्राने उत्तर दिलं नाही. “सर, मला नक्की माहीत नाही. आमच्या मेडिकल टीमला आत्ता लिहितो, उद्या दुपारपर्यंत कागद आणून देतो,” एवढं म्हणाला आणि जिना उतरता उतरताच मेल टाकला.

ज्यांना या लाइनला यायचं आहे, त्यांना माझी विनंती आहे. अर्ज भरण्याआधी ओळखीच्या एखाद्या एमआरबरोबर एक पूर्ण दिवस फिरा, सकाळच्या पहिल्या बाकापासून रात्रीच्या शेवटच्या जिन्यापर्यंत. आणि तुम्ही पेशंट म्हणून त्या बाकावर बसला असाल, तर केमिस्टकडून निघण्यापूर्वी स्ट्रिप उलटी करून ब्रँडबरोबर छापलेलं औषधाचं खरं नाव वाचा, पाठ करा आणि घरी एका वहीत लिहून ठेवा. आईच्या वहीत मी लिहिलं आहे: टेल्मिसार्टन, ४० मिलिग्रॅम, सकाळी.